सरकारी बक्षिसासाठी सौरयंत्राचा अर्ज कसा भरावा

जाहिरात हातात आली की बक्षिसाची रक्कम नंतर बघा, आधी निकषांचं पान काढा. मी इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडची पोरं आपापली यंत्रं घेऊन आमच्या वर्कशॉपला येतात. जाहिरातीतल्या प्रत्येक आकड्याखाली रेघ मारायची, हे काम मी त्यांना सगळ्यात आधी लावते.

अनुदान मागताना पुढे काय करणार ते सांगायचं असतं. बक्षिसाला मात्र काय करून दाखवलंत ते विचारतात, आणि तेही मोजून. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं एल प्राइझ हे याचं नमुनेदार उदाहरण. ६० वॉटच्या साध्या बल्बऐवजी चालेल असा दिवा हवा होता: वीज १० वॉटच्या आत, उजेड ९०० लुमेनच्या वर, आयुष्य २५ हजार तास. फिलिप्सने २००९ मध्ये नमुन्याचे दोन हजार दिवे पाठवले. खात्याने त्यांतले २०० दिवे अखंड चालू ठेवून उजेड किती घटतो ते पाहिलं आणि मगच, २०११ मध्ये, १ कोटी डॉलरचं बक्षीस जाहीर केलं.

आपल्याकडच्या बक्षिसांत ताजा नमुना नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा. जून २०२५ मध्ये त्यांनी छतावरच्या सौरऊर्जेसाठी आणि गावपातळीवरच्या छोट्या प्रकल्पांसाठी स्टार्टअप स्पर्धा काढली. पहिलं बक्षीस १ कोटी, दुसरं ५० लाख, तिसरं ३० लाख, शिवाय प्रत्येकी ५ लाखांची दहा उत्तेजनार्थ. ती मुदत संपली, पण पुढच्या स्पर्धेच्या तयारीसाठी ती जाहिरात जरूर वाचा.

आता खरं काम, म्हणजे आकडे. समजा, तुमचा बेदाण्याचा सोलर ड्रायर आहे. १०० किलो द्राक्षांत साधारण ८० किलो पाणी असतं. बेदाण्यात १६ टक्के ओलावा ठेवायचा म्हटलं तर माल उरतो २४ किलोच्या आसपास, म्हणजे ७६ किलो पाणी उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते. ३.६ मेगाज्यूल म्हणजे विजेचं एक युनिट, तेव्हा सगळा हिशेब होतो ५१ युनिटच्या आसपास. उन्हातून दिवसाला चौरस मीटरमागे पाच युनिट मिळाली असं धरलं, तर १० चौरस मीटरच्या ड्रायरवर पडणारं सगळंच्या सगळं ऊन ५० युनिट. त्यातलं निम्मं कामी आलं तरी मी त्या ड्रायरला चांगला म्हणेन. तेव्हा ‘१०० किलो द्राक्षं एका दिवसात’ असं अर्जात दिसलं की परीक्षक तिथेच पेन खाली ठेवतो. हा हिशेब त्याच्याआधी तुम्ही करा आणि अर्जात पायरीपायरीने मांडा.

नोंदी घेताना थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, प्रत्येक ट्रेवर लावा. नुसतं हवा आत येते तिथलं तापमान मोजून भागत नाही. वरच्या आणि खालच्या ट्रेमध्ये चांगलाच फरक पडतो. माल ठरलेल्या वेळी काट्यावर ठेवा. पंख्याची वीज वेगळ्या मीटरवर घ्या. शेजारी तेवढीच द्राक्षं नेहमीच्या शेडवर वाळत टाका, म्हणजे तुलना त्याच उन्हातली राहते. आणि ढगाळ दिवसाच्या नोंदी लपवू नका, त्याच आधी दाखवा. मला स्वतःला अशा अर्जावर लगेच विश्वास बसतो.

व्हिडिओ टाकण्याआधी, प्रदर्शनात यंत्र मांडण्याआधी पेटंटचा तात्पुरता अर्ज करून ठेवा. व्यक्तीला किंवा स्टार्टअपला ऑनलाइन १,६०० रुपये फी आहे आणि पूर्ण अर्जासाठी बारा महिने मिळतात. एकदा जगासमोर आलेल्या गोष्टीवर नंतर हक्क सांगणं फार अवघड जातं. केंद्राची स्टार्टअप मान्यताही आधीच काढा. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला ती मिळत नाही. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), भागीदारी किंवा कंपनीसारखी नोंदणी केलेली संस्था लागते.

पैशाचं मात्र नीट ऐका. बक्षीस शेवटी मिळतं, खर्च आधी होतो. म्हणून टप्प्याटप्प्याने पैसे देणारी स्पर्धा शोधा. २०१८ मध्ये आपल्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या सहभागाने कमी वीज खाणाऱ्या एसीसाठी निघालेल्या ग्लोबल कूलिंग प्राइझमध्ये अंतिम आठ संघांना नमुना बनवायलाच प्रत्येकी २ लाख डॉलर दिले होते. त्या आठांत आपल्या गोदरेज अँड बॉइसचा संघही होता. यंत्रं अहमदाबादच्या प्रयोगशाळेत आणि दिल्लीतल्या फ्लॅटमध्ये तपासली गेली आणि २०२१ मध्ये डायकिन आणि ग्री यांच्या संघांना प्रत्येकी १० लाख डॉलर मिळाले. अशी सोय नसेल तर बक्षिसाच्या भरवशावर पत्रा-काच उधारीवर उचलू नका. घरचं सोनं तर मुळीच गहाण टाकू नका.

निवड झाली नाही तरी नोंदींची फाइल सांभाळून ठेवा. महाराष्ट्र स्टार्टअप वीकमध्ये निवडलेल्या स्टार्टअपना सरकारी कार्यादेश, म्हणजे कामाच्या ऑर्डरी, मिळत आल्या आहेत (सुरुवातीच्या वर्षांत १५ लाखांपर्यंतच्या), आणि तिथेही हीच फाइल लागते. मला विचाराल तर चेकपेक्षा कार्यादेश बरा. त्यात यंत्र खरोखर कुणाच्या तरी शेडवर जाऊन बसतं, आणि एका हंगामात काय बिघडतं ते तुम्हाला कळतं.