फळाहारावर प्रोटीन किती लागतं आणि ते कसं भरायचं

इथे फळाहार म्हणजे रोजचं जेवण मुख्यतः फळांवर आणि न शिजवता. आधी स्वतःचं वजन करा. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. म्हणजे ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४. हा हिशेब चांगल्या प्रतीच्या प्रोटीनचा आहे. सगळं वनस्पतींतूनच घेणार असाल तर किलोला १ ग्रॅम धरा.

आता फळं बघू. १०० ग्रॅम गरामागे केळ्यात १.१ ग्रॅम, आंब्यात ०.८, पपईत ०.५, सफरचंदात ०.३. पेरू त्यातल्या त्यात बरा, दीड ते अडीच. ‘फळं भरपूर खाल्ली की प्रोटीन होतं’ म्हणणाऱ्यांनी एकदा केळ्याचं गणित करावं: २००० कॅलरी मिळवायला सव्वादोन किलो गर, म्हणजे मोठी वीस-बावीस केळी, आणि प्रोटीन जेमतेम २५ ग्रॅम. वेलची केळी असतील तर डझनांत मोजा. म्हणून फळं कॅलरीसाठी, प्रोटीनसाठी मूग, शेंगदाणे आणि बिया.

५५ किलोसाठी दिवसाचा हिशेब असा: केळी ६ (साडेसहा ग्रॅम), पपई अर्धा किलो (अडीच), पेरू २ (३), मोड आणायचे मूग कोरडे ६० ग्रॅम (१४), भिजवलेले शेंगदाणे, कोरडे ५० ग्रॅम (साडेबारा), भोपळ्याच्या बिया २५ ग्रॅम (साडेसात), तीळ १५ ग्रॅम (अडीच), ओलं खोबरं ४० ग्रॅम (सव्वा). बेरीज ५० च्या आसपास, कॅलरी साधारण १७००. वाटीभर दही चालत असेल तर ५५ होतात, शिवाय थोडं बी-१२ जीवनसत्त्व मिळतं, जे फळांत नसतंच. दही नको असेल तर मूग-शेंगदाणे थोडे वाढवून ५५ गाठा आणि बी-१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या. मूग आणि तीळ दोन्ही ठेवा: लायसिन आणि मेथिओनिन हे प्रोटीनचे दोन आवश्यक घटक, मुगात लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी, तिळात नेमकं उलट.

मूग कोरडेच मोजा. मोड आले की पाण्याने वजन वाढतं, प्रोटीन वाढत नाही. भिजलेले ६० ग्रॅम मोजलेत तर निम्म्याहून जास्त प्रोटीन हुकलं.

मुंबईच्या दमट हवेत मोड आणणं हे वेगळंच काम आहे. मूग ६ ते ८ तास भिजवा, त्यापेक्षा जास्त ठेवले तर आंबूस वास येतो. पाणी पूर्ण निथळू द्या, ओलसर सुती फडक्यात सैल बांधा, चाळणीत ठेवा, दर ४-५ तासांनी धुवा. मोड दिसले की लगेच फ्रिजमध्ये. बुळबुळीत लागले किंवा वास आला तर टाकून द्या, धुऊन वाचवू नका. मोड येतात त्या ऊबेत जंतूही वाढतात, त्यामुळे गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं यांनी कच्चे खाऊच नयेत. पावसाळ्यात तर सगळ्यांनीच वाफवून घ्यावेत. त्याने प्रोटीन नाहीसं होत नाही.

राजमा मोड आणूनही कच्चा खाऊ नका, त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रोटीनमुळे उलट्या-जुलाब होतात. सोयाबीन आणि वालही शिजवूनच. (‘कच्चे’ काजूही खरं तर कच्चे नसतात, टरफलातलं दाहक तेल काढायला त्यांना उष्णता दिलेली असते.) दमट हवेत सुटे शेंगदाणे बुरसटतात, कडू, काळपट दाणा थुंकून टाका, भाजल्यानेही अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष पूर्ण जात नाही.

कॅलरी कमी पडल्या तर खाल्लेलं प्रोटीनही शरीर इंधन म्हणून जाळतं. म्हणून वजन झपाट्याने उतरलं तर खूश होऊ नका, आधी केळी वाढवा. प्रोटीन कमी पडल्याने होणारं केस गळणं दोन-तीन महिन्यांनी कळतं, तोवर थांबू नका. किडनीचा आजार किंवा मधुमेह असेल तर हा आहार डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये: केळ्यांतलं पोटॅशियम आणि एवढी साखर दोन्ही तिथे नडतात. गरोदरपणात शेवटच्या तिमाहीत रोज २२ ग्रॅम प्रोटीन वरचं लागतं, तेव्हा फळाहाराचा हट्ट सोडून वरण-भात खावा.