आधी सीट, मग पॉइंट: कार्डाच्या पॉइंटवर परदेशी तिकीट कसं काढायचं

क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरत नसाल, तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. बहुतेक कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. तेवढं व्याज भरून कुठलेच पॉइंट परवडत नाहीत. तुम्ही बिल पूर्ण भरता आणि पॉइंट साठलेले आहेत, असं धरून पुढचं लिहिते.

पॉइंट कशावर घालवू नयेत. कॅटलॉगमधला मिक्सर, गिफ्ट व्हाउचर, बिलातली सूट. अशा ठिकाणी बऱ्याच कार्डांवर एका पॉइंटचे २०-३० पैसे सुटतात.

खाती उघडा. कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे पाठवले की तिथे त्यांचे माइल्स, म्हणजे त्या कंपनीचे पॉइंट होतात आणि त्यांवर तिकीट निघतं. तुमची बँक ज्या विमान कंपन्यांकडे पॉइंट पाठवते, त्यांची सदस्य खाती मोफत उघडून ठेवा: सिंगापूर एअरलाइन्सचं क्रिसफ्लायर, एअर इंडियाचं महाराजा क्लब, कतार किंवा ब्रिटिश एअरवेजचं (त्यांच्या माइल्सना एव्हिऑस म्हणतात). कुणी अजून क्लब विस्तारा सुचवत असेल, तर त्याची यादी जुनी आहे. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली.

सीट सापडेपर्यंत पॉइंट हलवू नका. मी इथेच चुकले होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी फ्रँकफर्टला बहिणीकडे जायचं होतं. मे महिना, दोन तिकिटं. बँकेने जादा माइल्स देऊ केले होते आणि जो तो ‘मुदत संपायच्या आत पाठवा’ म्हणत होता. मी पाठवले आणि नंतर विमान कंपनीचं सीटचं कॅलेंडर उघडलं. अख्ख्या मे महिन्यात एका विमानात दोन सीट नव्हत्या. एकदा पाठवलेले पॉइंट बँकेकडे परत येत नाहीत. माइल्स त्या खात्यात पडून राहिले आणि निम्मे मुदत संपून गेले. तीन वर्षांची बचत होती ती. आजही कुणी ‘बोनस आहे, लगेच पाठवा’ म्हणालं की मला राग येतो.

मग सीट शोधायची कशी? प्रत्येक विमानात माइल्सवर मिळणाऱ्या सीट मोजक्याच असतात. क्रिसफ्लायरवर ‘सेव्हर’, ‘अॅडव्हान्टेज’ असे वेगवेगळे दर दिसतात. सेव्हर स्वस्त, आपल्याला तोच हवा. समोर ‘वेटलिस्ट’ दिसलं तर ती सीट नाही, नुसती रांग आहे. तिच्या भरवशावर पॉइंट पाठवू नका. सिंगापूर एअरलाइन्सची सीट साधारण ३५५ दिवस आधी उघडते. शाळेच्या सुट्टीत जायचं असेल, तर आदल्या वर्षीच्या सुट्टीतच शोधायला बसा. चौघांचं एकदम शोधून काही दिसलं नाही, तर दोघांचं शोधा, मग एकाचं. तारीख दोन-तीन दिवस मागेपुढे करून बघा.

सिंगापूर, एअर इंडिया आणि लुफ्तान्सा स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत, त्यामुळे क्रिसफ्लायरचे माइल्स लुफ्तान्सावरही चालतात. पण दुसऱ्या कंपनीची सीट कधी कधी नुसती पडद्यावर दिसते, बुक करताना नाहीशी होते. पॉइंट पाठवण्याआधी ज्यांचे माइल्स वापरणार त्यांच्या कॉल सेंटरला फोन करा, तारीख आणि फ्लाइट क्रमांक सांगून सीट खरंच आहे का विचारा. पॉइंट पोचायला कुठे काही मिनिटं लागतात, कुठे चार-पाच दिवस. तेवढ्यात सीट गेली तर लागेल ती दुसरी तारीखही आधीच शोधून ठेवा.

आणि नाव! आपल्याकडे पासपोर्टवर नावाच्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, कार्डावर मात्र नाव आणि आडनाव एवढंच. त्यात लग्नानंतर आडनाव बदललेलं असलं, तर बँकेचं खातं एका नावाचं आणि विमान कंपनीचं दुसऱ्याच. अशा वेळी पॉइंट अडकतात. सदस्य खात्यात पासपोर्टप्रमाणे नाव घाला आणि बँकेतलं नाव त्याच्याशी जुळवून घ्या. हे काम आठवडे खातं, म्हणून सीट शोधण्याच्या आधी उरका. आईवडिलांचं तिकीट तुमच्या माइल्सवर काढायचं असेल, तर क्रिसफ्लायरमध्ये पाच जणांची नावं नोंदवता येतात.

हिशोब. समजा रोख तिकीट ९०,००० रुपयांचं आहे. माइल्सवर ४५,००० माइल्स आणि ५,००० रुपये कर. वाचले ८५,०००, म्हणजे माइलला सुमारे १ रुपया ९० पैसे. पण तुमच्या कार्डाचे दोन पॉइंट देऊन एक माइल मिळत असेल, तर पॉइंटची किंमत ९५ पैसेच. हा भागाकार न करता ‘बिझनेस क्लास फुकट’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. काही कंपन्या करांसोबत मोठा इंधन अधिभारही लावतात, म्हणून शेवटच्या पानावरची रक्कम बघितल्याशिवाय ठरवू नका. लंडनहून निघताना बिझनेस क्लासवर ब्रिटिश सरकारचा प्रवासी करही जास्त बसतो. मी जाताना लंडनला उतरते, परतीचं तिकीट पॅरिसहून काढते.

बुकिंग. पॉइंट आले की त्याच तासाला करा.

विमानातलं. कतारच्या बिझनेस क्लासमधला दार बंद होणारा क्यूसूट सगळ्या विमानांत नसतो, म्हणून बुकिंगआधी त्या फ्लाइटचा सीटमॅप उघडून बघा. सिंगापूरच्या बिझनेस क्लासमध्ये ‘बुक द कुक’मधून मुख्य पदार्थ किमान २४ तास आधी निवडता येतो. शाकाहारी असाल तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा जैन जेवण नोंदवा. जेवणाचा कोड व्हीजीएमएल असेल तर ते व्हीगन जेवण असतं, त्यात दही-पनीरही येत नाही.