बॅटरी बनवणाऱ्या नव्या कंपनीत पैसे टाकायचे असतील तर आधी परत आलेले पॅक पहा

आपल्या नागपुरात बेसा-मनीषनगरकडचा प्लॉट विकून ज्यांच्या हातात चार पैसे आलेत, त्यांच्याकडे आजकाल कोणी ना कोणी बॅटरी कंपनीचं प्रेझेंटेशन घेऊन येऊनच राहिलं आहे. हिंगण्याला शेड आहे, बुटीबोरीत दुसरं युनिट टाकतोय, ई-रिक्षावाल्यांच्या ऑर्डरी पडून आहेत, तुम्ही फक्त दहा लाख टाका. माझे स्वतःचे पैसे अशा दोन कंपन्यांत आहेत आणि तिसरीत चौदा महिने अडकले होते, त्यामुळे ओळखीचे लोक विचारत असतात की भाऊ, पाहायचं काय नेमकं. म्हणून सगळं एकदाच लिहून काढतो.

पहिला प्रश्न एकच. तुम्ही सेल बनवता की पॅक? नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो राजेहो, कारण दोघंही स्वतःला 'बॅटरी मॅन्युफॅक्चरर' म्हणवतात. सेल बनवणं म्हणजे केमिस्ट्रीचा कारखाना, हवेतला ओलावा जवळपास शून्यावर आणणारी ड्राय रूम लागते, इलेक्ट्रोड कोटिंगच्या लांबच लांब लाईनी लागतात, त्यात शेकडो कोटी जातात. सरकारने मे २०२१ मध्ये १८,१०० कोटींची पीएलआय, म्हणजे उत्पादनावर अनुदान देणारी योजना, मंजूर केली ती अशा सेलसाठी, आणि त्यात बोली लावायलाच किमान ५ गिगावॉट-तासाची, म्हणजे ५० लाख युनिट वीज साठवतील इतके सेल बनवायची तयारी पाहिजे होती. दहा-वीस लाख मागणारा माणूस 'आम्हाला पीएलआय मिळणार' म्हणत असेल तर चहा पिऊन उठा. आपल्यासमोर येतात ते पॅकवाले. बाहेरून, बहुतेक वेळा चीनमधून, सेल आणायचे, जोडायचे, वर बीएमएस (सेलच्या चार्जिंगवर आणि तापमानावर लक्ष ठेवणारं सर्किट) बसवायचा, डब्यात बंद करायचं. हा धंदा वाईट अजिबात नाही, पण त्याचं मोल पॅकच्या धंद्याचंच लावायचं, सेलच्या स्वप्नाचं नाही.

मग शेडवर जायचं, आणि शक्यतो मे महिन्यात, दुपारी दोन वाजता. बऱ्याच एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेलच्या डेटाशीटवर चार्जिंगची मर्यादा ४५ अंश लिहिलेली असते, आणि आपल्या नागपुरात मे मध्ये नुसती सावलीतली हवाच तिथपर्यंत जाते. पत्र्याच्या शेडखाली, एसी नाही, सेलचे खोके भिंतीला लावून रचलेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच दिवशी दुसऱ्या शेडमध्ये पाहिलं ते असं, की एक पोरगा टेबलावर आयआर मीटर घेऊन बसला होता, एकेक सेलचा अंतर्गत रोध आणि व्होल्टेज मोजत होता, मार्करने सेलवर आकडा लिहून वेगवेगळ्या ट्रेमध्ये टाकत होता. जवळजवळ सारख्या आकड्याचे सोळा सेल एकत्र आले की एक पॅक. मी विचारलं, वेगळे निघालेले कुठे जातात? त्याने लाल टेप लावलेला ट्रे दाखवला, आणि मालकाने न विचारता सांगितलं की या खेपेत इतके निघाले, सप्लायरला लिहिलंय. या कंपनीत मी पैसे टाकले.

वेल्डिंगही पहाच. निकेलच्या पट्टीचं वेल्डिंग झालेला एखादा नमुना पकडीने ओढून दाखवा म्हणावं. पट्टी फाटली पण वेल्डचा ठिपका सेलवर चिकटून राहिला तर वेल्ड पक्कं, पट्टी साफ निघून आली तर तो पॅक खड्ड्यांच्या रस्त्यावर सहा महिने पण टिकणार नाही. छोटी गोष्ट वाटते ना? अमेरिकेत ए१२३ सिस्टिम्स नावाची कंपनी होती, एलएफपीमधलं मोठं नाव, सरकारी अनुदान मिळालेलं. २०१२ मध्ये त्यांच्या मिशिगनच्या कारखान्यातल्या एका वेल्डिंग मशीनचं कॅलिब्रेशन चुकलेलं निघालं, खराब माल बदलून द्यायचा खर्च कंपनीनेच साडेपाच कोटी डॉलर सांगितला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीचा अर्ज. कंपनी आधीच तोट्यात होती, पण तो धक्का काही तिला झेपला नाही.

कपॅसिटीचा आकडा घरीच तपासता येतो, इंजिनिअर असायची गरज नाही. ई-रिक्षात चालणारा ५१.२ व्होल्ट १०५ एएचचा (अँपिअर-तासाचा) पॅक घ्या, म्हणजे ३.२ व्होल्टचे सोळा सेल ओळीत, ५१.२ गुणिले १०५ म्हणजे साधारण ५.४ युनिट वीज. कंपनी म्हणते आमची क्षमता वर्षाला १०० मेगावॉट-तास, म्हणजे १ लाख युनिट, भागिले ५.४, झाले साडेअठरा हजार पॅक. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर रोजचे साठच्या वर. आता प्रत्येक पॅक एकदा पूर्ण चार्ज, एकदा पूर्ण डिस्चार्ज करून तपासायचा तर चार-पाच तास लागतात, म्हणजे टेस्टिंग मशीनचा एक चॅनल, म्हणजे एका वेळी एक पॅक लागतो ती जागा, रात्रंदिवस चालवला तरी दिवसाला पाच पॅक. साठ पॅकसाठी बारा-तेरा चॅनल पाहिजेत. शेडमध्ये तीनच चॅनल दिसले तर दोनपैकी एक गोष्ट खरी आहे, एकतर आकडा फुगवलाय, नाहीतर माल न तपासता बाहेर चाललाय.

आता मुद्द्याचं. कोणत्याही शेडमध्ये मागच्या बाजूला एक रॅक असतो, तिथे ग्राहकांकडून परत आलेले पॅक ठेवलेले असतात. तो दाखवा म्हणा. 'आमचा एकही पॅक परत येत नाही' असं कोणी म्हटलं तर त्याने अजून माल विकलेलाच नाही. चांगला मालक रॅकपाशी नेतो, रजिस्टर काढतो, सांगतो की हे बारा बीएमएसमुळे आले, हे पाच पाणी शिरल्यामुळे, हे दोन ग्राहकाने दुसराच चार्जर लावल्यामुळे. मी रजिस्टरमधला एक नंबर घेतो आणि म्हणतो की या पॅकमधले सेल कोणत्या खेपेचे ते सांगा. पाच मिनिटांत उत्तर आलं तर ती कंपनी वाढू शकते. याचं कारण असं की ही मंडळी तीन-तीन वर्षांची वॉरंटी देऊन बसतात, विक्री आज होते आणि खर्च दोन वर्षांनी येतो, म्हणून सुरुवातीची दोन वर्षं बॅलन्सशीट खूप सुंदर दिसते. ऑडिट झालेल्या हिशेबात वॉरंटीची तरतूद किती ठेवली आहे ते सीएला शोधायला लावा, शून्य असेल तर दाखवलेला नफा मी तरी धरत नाही.

सर्टिफिकेटचं थोडक्यात. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या त्यानंतर एआयएस-१५६ चे, म्हणजे अशा गाड्यांच्या बॅटरीच्या सुरक्षेचे, नियम कडक झाले, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून. सर्टिफिकेट नुसतं आहे का एवढं विचारून थांबू नका, कोणत्या मॉडेलचं आहे आणि टेस्टला पाठवताना जो सेल वापरला तोच आज शेडमध्ये आहे का, ते खोक्यावर वाचा. स्वस्त मिळाला म्हणून मधेच सेल बदलणारे आहेत. आणि बॅटरी वेस्ट मॅनेजमेंटचे २०२२ चे नियम आहेत, त्याखाली केंद्रीय प्रदूषण मंडळाकडे नोंदणी झालेली आहे का तेही विचारा.

पैशाची चक्रं बघा. सेलचे पैसे आधी द्यावे लागतात, जहाजाला वेळ लागतो, आणि ई-रिक्षा बनवणारा दोन-तीन महिन्यांची उधारी मागतो. मधल्या काळात भाव पडला तर संपलं. सेलचा कच्चा माल असलेलं लिथियम कार्बोनेट २०२२ च्या नोव्हेंबरात चीनमध्ये टनाला ६ लाख युआनच्या आसपास होतं, २०२४ मध्ये १ लाखाच्या खाली आलं. ज्यांनी वर असताना गोदाम भरलं त्यांचा माल विकायच्या आधीच स्वस्त झाला. म्हणून विचारा, किती दिवसांचा स्टॉक ठेवता आणि ग्राहकाला भाव कधी बांधून देता. नुसत्या मोठ्या ऑर्डरीवर पण भाळू नका, स्वीडनच्या नॉर्थव्होल्टकडे २ अब्ज युरोची बीएमडब्ल्यूची ऑर्डर होती, माल वेळेवर निघेना म्हणून २०२४ मध्ये ती रद्द झाली आणि मार्च २०२५ मध्ये स्वीडनमध्ये कंपनीची दिवाळखोरी.

कागदांवर मी ठेच खाल्ली आहे. तिसऱ्या कंपनीला मी पाच लाख आरटीजीएस केले, लेटरहेडवर पावती मिळाली, शेअर काही मिळाले नाहीत. नंतर कळलं, कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे आधी तुमच्या नावाचं पीएएस-४ ऑफर लेटर यायला पाहिजे, पैसे वेगळ्या बँक खात्यात जायला पाहिजेत, ६० दिवसांत शेअर वाटप, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, उशीर झाला तर १२ टक्के व्याज. वाटपानंतर १५ दिवसांत पीएएस-३, म्हणजे शेअर वाटल्याचा सरकारी फॉर्म, भरावा लागतो आणि तो भरेपर्यंत कंपनीला त्या पैशाला हात लावता येत नाही. वकिलाची नोटीस गेल्यावर माझी मुद्दल हप्त्याहप्त्याने आली, व्याज नाही आलं. आता मी आधी एमसीएच्या (केंद्राच्या कंपनी मंत्रालयाच्या) पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीचे कागद उघडतो, कोणत्या बँकेचा बोजा आहे ते पाहतो, मगच बोलतो. आणि 'महिन्याला दोन टक्के देऊ' असं म्हणणारा शेअर विकत नाहीये, तो ठेवी गोळा करून राहिला आहे, प्रायव्हेट कंपनीला लोकांकडून ठेवी घेता येत नाहीत.

हिस्सा किती मिळतो ते पण मांडून पहा. कंपनीची किंमत ८ कोटी धरली, २ कोटी उभे करतायत, म्हणजे नंतर १० कोटी, तुमचे १० लाख म्हणजे १ टक्का. पुढच्या फेरीत नव्या लोकांना २० टक्के दिले की तुमचा ०.८ उरतो. मालक विकेल तेव्हा त्याच भावाने आपलेही शेअर विकायचा हक्क करारात लिहून घ्या, नाहीतर शेअर आहेत पण घेणारा कोणी नाही अशी गत होते. पोरीच्या लग्नाचे, घराच्या हप्त्याचे पैसे यात नकोच, सात-आठ वर्षं विसरता येतील तेवढेच. दोन वर्षांनंतर विकले तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे.

पैसे टाकल्यावर मी दर तीन महिन्यांनी दोनच आकडे मागतो, किती पॅक गेले आणि किती परत आले. पहिला आकडा लगेच येतो. दुसऱ्याला 'अकाउंटंटला विचारून सांगतो' असं उत्तर आलं की मी गाडी काढतो आणि सरळ हिंगण्याला जाऊन त्या मागच्या रॅकपाशी उभा राहतो.