इंजिन डोलतंय, गिअर अडतोय? माउंटिंग बदलायच्या आधी या चुका टाळा

पहिल्या गिअरला गाडी सोडली की पुढून धप्प आवाज, दुसरा टाकताना हिसका, आणि ट्रॅफिकमध्ये हळू चालवायची वेळ आली की गाडी बेडकासारखी उड्या मारत जाते. असं व्हायला लागलं की बहुतेक जण लगेच म्हणतात, माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकलेलं असतं तो रबरी आधार) गेलं. मीही तेच म्हटलं होतं. वरचं, बोनेट उघडल्यावर समोर दिसणारं माउंटिंग बदलून घेतलं कारण त्याच्या रबराला बारीक भेगा होत्या, खुशीत गाडी घेऊन निघालो आणि पहिल्याच सिग्नलला परत तोच धप्प. फाटलेलं होतं ते खालच्या टॉर्क रॉडचं (इंजिनला पुढे-मागे डोलण्यापासून धरून ठेवणाऱ्या दांड्याचं) रबर, जे गाडीखाली वाकून टॉर्च मारल्याशिवाय दिसतच नाही. तेव्हापासून मी क्रम ठरवून टाकलाय: आधी आपला पाय, मग क्लच, मग माउंटिंग, आणि गिअर बॉक्स उघडायचा विषय सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलं तर निम्म्या तक्रारी पान्हा हातात घ्यायच्या आधीच मिटतात.

पण मुळात इंजिन डोलतं का? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत इंजिन आडवं बसवलेलं असतं, इंजिन आणि गिअर बॉक्स बोल्टने जोडून एकच धूड झालेलं असतं आणि ते तीन-चार रबरी माउंटिंगवर टांगलेलं असतं. चाकं ज्या जोराने पुढे फिरवली जातात तेवढ्याच जोराने हे धूड उलट्या दिशेला फिरायला बघतं. समजा इंजिनचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ११० न्यूटन मीटर आहे, पहिल्या गिअरचा रेशो (हा जोर किती पट होतो तो आकडा) ३.५ आणि फायनल ड्राइव्हचा, म्हणजे चाकांआधीच्या शेवटच्या गिअरजोडीचा, ४, म्हणजे १४ पट, चाकांपाशी साधारण १५०० न्यूटन मीटर. पाचव्यात तोच आकडा साडेतीनशेच्या आसपास येतो. म्हणून धप्प, गचका जे काय असतं ते पहिल्या आणि रिव्हर्स गिअरलाच जास्त कळतं. आणि म्हणूनच इंजिन थोडं हललं तर घाबरायचं कारण नाही, रबर दबण्यासाठीच दिलेलं आहे.

आयडलचं थरथरणं माउंटिंगच्या नावावर टाकणं

ही चूक मी सगळ्यात जास्त बघतो. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, ८०० आरपीएमच्या आसपास, आणि सीट थरथरतेय. इथे बोनेट उघडून नुसतं बघायचं. इंजिनच अधूनमधून अडखळल्यासारखं दचकत असेल तर एखादा सिलिंडर नीट फायर करत नाहीये, मग स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडीतला कार्बन, नाहीतर कुठल्यातरी व्हॅक्यूम पाइपमधून हवा खेचली जातेय, हे बघा. इंजिन आपलं शांत एका लयीत चाललंय पण स्टिअरिंग आणि सीट मात्र झिणझिणतेय, तर मग माउंटिंगचं रबर कडक झालंय किंवा बसलंय असा संशय घ्यायचा. तीन सिलिंडरचं इंजिन चारवाल्यापेक्षा थोडं जास्त थरथरतंच, त्यामुळे तुलना करायची तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी करा, शेजाऱ्याच्या भलत्याच गाडीशी नको. ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे हादरे शोषणारी, मध्ये स्प्रिंग असलेली दोन भागांची जड चकती) असलेल्या गाड्यांत, डिझेलमध्ये विशेषतः, बंद करताना खडखड करून जोरात हादरा बसत असेल तर संशय त्या फ्लायव्हीलवरही घ्यावा लागतो, नुसती माउंटिंग बदलून ते जात नाही.

टेस्ट चुकीची करणं

कित्येक जण गाडीच्या बरोब्बर समोर उभं राहून दुसऱ्याला "सोड क्लच, सोड" म्हणून ओरडत असतात. कृपा करून असं करू नका, पाय घसरला तर गाडी अंगावर येईल. चाकांना आडवे दगड किंवा ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, फूट ब्रेक दाबलेला, आणि बघणारा बाजूला, फेंडरपाशी. आत बसलेल्याने पहिला गिअर टाकून क्लच अगदी पकडायला लागेल इतकाच सोडायचा, एक-दोन सेकंद, की परत दाबायचा. मग तेच रिव्हर्समध्ये. पहिल्या गिअरला इंजिनचा माथा मागे, आत बसलेल्याच्या दिशेने झुकतो, रिव्हर्सला पुढे येतो. झुकून अलगद जागेवर आलं तर ठीक. एका बाजूला मोकळं उचललं जाऊन कुठेतरी धातूवर धातू आपटल्यासारखं थांबत असेल तर ज्या बाजूला जास्त हलतंय त्या बाजूचं रबर फाटलंय. रेस देऊन, क्लच जाळून बघायची काही गरज नाही. मग इंजिन बंद करून, टॉमीने (लोखंडी पहारीने) एकेक माउंटिंग हळूच रेटून बघा, रबर धातूपासून सुटलेलं असलं की फट उघडते. काही माउंटिंगच्या आत लिक्विड भरलेलं असतं, त्याच्याखाली ओघळ दिसला की ते माउंटिंग संपलं, बाहेरून कितीही धडधाकट दिसू दे.

आणि एक गोष्ट गाडी चालवतानाच कळते. गिअरमध्ये असताना रेस सोडली-दिली की गिअर लिव्हर मान डोलावतोय का बघा. ज्या गाड्यांत लिव्हरपासून गिअर बॉक्सपर्यंत सळ्यांचं लिंकेज असतं, त्यांत लिव्हर बॉडीला आणि गिअर बॉक्स हलत्या धुडाला, त्यामुळे माउंटिंग ढिलं झालं की गिअर अर्धवट पडणं, रेस दिल्यावर निसटून न्यूट्रलला येणं, असले प्रकार होतात. लोक सिंक्रोला (गिअर पडताना आतल्या चाकांचा वेग जुळवणाऱ्या रिंगला) शिव्या घालत बसतात आणि दोष असतो रबराचा.

कडक माउंटिंग म्हणजे चांगलं माउंटिंग, हा समज

डोलणं कमी करायचं म्हणून पॉलियुरेथेनची कडक माउंटिंग टाकायची हौस असते. डोलणं खरंच कमी होतं, पण जे हादरे रबर गिळत होतं ते आता थेट बॉडीत येतात. एका मित्राने सगळीच्या सगळी बदलली, आयडलला आतला आरसा इतका थरथरायचा की मागची गाडी पुसट दिसायची, महिन्याभरात त्याने परत कंपनीची रबरं लावली. फारच हौस असेल तर फक्त खालच्या टॉर्क रॉडचं थोडं कडक बुश टाका, वजन पेलणाऱ्या माउंटिंगना हात लावू नका. माझं विचाराल तर रोजच्या गाडीला तेवढंही लागत नाही.

नवीन माउंटिंग दोन महिन्यांत गेलं अशी तक्रार ऐकली की मी बसवताना काय केलं ते विचारतो. जॅक थेट ऑइल सम्पला (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला) लावला तर सम्प चेपतो, मध्ये जाड लाकडी फळी हवी. इंजिन एका बाजूला तिरकं लटकलेलं असताना बोल्ट आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि पहिल्या दिवसापासून फाटायला लागतं. सगळे बोल्ट आधी हाताने लावायचे, जॅक सैल करून इंजिनला त्याच्या जागेवर बसू द्यायचं, हाताने थोडं हलवायचं, आणि मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळायचे. वरून इंजिन ऑइल गळत असेल तर ते आधी थांबवा, तेलाने रबर फुगतं आणि लिबलिबीत होतं. फाटलेलं माउंटिंग फार दिवस तसंच ठेवलं असेल तर सायलेन्सरच्या पुढच्या जाळीदार लवचिक पाइपावर पण नजर टाका, इंजिनच्या हिसक्यांनी तो चिरतो.

पाय आणि आरपीएमचा हिशोब

आता खरा मुद्दा, आणि इथेच लोकांना राग येतो, कारण गाडीला नाही तर आपल्यालाच दोष द्यावा लागतो. पहिल्यात ३००० आरपीएम आहे, दुसऱ्याचा रेशो १.९ धरला तर तेवढ्याच स्पीडला दुसऱ्यात इंजिनला १६०० च्या आसपास फिरायचंय. म्हणजे क्लच दाबल्यापासून सोडेपर्यंत आरपीएम जवळजवळ निम्म्यावर यायला हवा. तुम्ही फटकन गिअर टाकून क्लच सोडला आणि इंजिन अजून २५०० वर आहे, तर तो फरक कुठे जाणार? क्लच प्लेट आणि माउंटिंग मिळून झेलतात, गाडी पुढे हिसकते, आणि आपण म्हणतो गिअर रफ आहे. बऱ्याच नव्या गाड्यांत रेस सोडल्यावर आरपीएम लगेच पडत नाही, धूर कमी करायच्या सेटिंगमुळे क्षणभर रेंगाळतो, त्यामुळे जुन्या गाडीवर हात बसलेल्याला नवी गाडी उगाच हिसकेबाज वाटते. उपाय साधा आहे: रेस क्लचच्या किंचित आधी सोडा, न्यूट्रलमध्ये अर्धा श्वास थांबा, क्लच पकडायच्या पॉइंटपाशी जरा रेंगाळून सोडा.

खाली येताना उलटं. तिसऱ्यात २००० आरपीएमवरून दुसरा टाकला तर इंजिनला २९०० च्या पुढेमागे जायचंय, आणि ते नुसत्या क्लचने वर ओढायला लावलं की गाडी ब्रेक मारल्यासारखी दबते, इंजिन माउंटिंगवर उलटं आपटतं. क्लच दाबलेला असतानाच हलकीशी रेस दिली की हे सगळं गायब. जमायला आठवडा लागतो.

आणि त्या बेडूकउड्या? पहिल्या गिअरला सरपटताना पाय थोडा हलतो, इंजिन मागे झुकतं, त्याने पाय अजून हलतो, इंजिन पुढे झुकतं, एकदा ही लय लागली की रेस कमी-जास्त करून ती वाढतच जाते. क्लच दाबा, संपलं. मग टाच जमिनीला टेकवून रेस एका जागी धरा.

गिअर खरंच अडत असेल तर

आधी पायाखालचं मॅट बघा. हसू नका, जाड मॅट क्लच पेडलखाली सरकलेलं असतं, पेडल शेवटपर्यंत जातच नाही, आणि लोक क्लच प्लेट बदलून बसतात. मग ही टेस्ट: इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात पण चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअर बॉक्सपासून वेगळं होत नाहीये. बंद असतानाही अडतात, तर लिव्हरची केबल, बुश किंवा गिअर बॉक्स. (बंद गाडीत एखादा गिअर दातावर दात आल्याने पडत नाही, गाडी थोडी ढकलून परत बघा.) गाडी उभी, इंजिन चालू, आणि क्लच दाबून पाच-सहा सेकंद थांबूनही रिव्हर्स खर्रकन ओरडला तर तेच, क्लच सुटत नाहीये. बऱ्याच गिअर बॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे न थांबता टाकल्यावर तो ओरडला तर चूक आपली. हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा गेली असेल, फ्लुइड जुनं झालं असेल, किंवा क्लचचा खालचा सिलिंडर गळत असेल तर पेडल मऊ लागतं, दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर पडला तर खूण पक्की. केबलचा क्लच असेल तर आधी अॅडजस्टमेंट. एकच गिअर, समजा दुसरा, ओरडतो आणि बाकीचे छान पडतात, तर मात्र त्याचा सिंक्रो झिजलाय, कुठलंही ऑइल त्याला बरं करत नाही. गिअर लिव्हरवर हात ठेवून गाडी चालवायची सवय असेल तर तीही सोडा, आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) सतत दाबला जाऊन झिजतो.

गिअर ऑइलबद्दल एकच, "जीएल-५ म्हणजे जीएल-४ पेक्षा वरचं" हे डोक्यातून काढा (जीएल-४, जीएल-५ हे डब्यावर लिहिलेले गिअर ऑइलचे प्रकार). जीएल-५ मधले काही घटक पितळी सिंक्रो रिंगला मानवत नाहीत, आणि मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू-९० जीएल-४ लिहिलंय तर तेच भरा, दुसरं काही लिहिलं असेल तर ते. आणि स्वतः बदलणार असाल तर खालचा काढायचा बोल्ट उघडायच्या आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय का ते बघून घ्या. तो गंजून अडकलेला निघाला आणि ऑइल आधीच खाली ट्रेमध्ये असलं, तर गाडी जागेवरून हलवायचीही सोय राहत नाही.