दोघेही परदेशी, लग्न तिसऱ्याच देशात: कागदपत्रं आणि निवास परवान्याचं गणित कसं जुळवावं

समजा, तो ब्राझीलचा, ती जपानची आणि दोघं नोकरीनिमित्त जर्मनीत राहतात. लग्न ठरलं की त्यांच्यापुढे तीन प्रश्न येतात. विवाह नोंदणी कार्यालय विचारतं, तुम्ही लग्नाला मोकळे आहात का? मायदेश विचारतो, आम्हाला कळवलंत का? आणि निवास परवाना देणारं खातं विचारतं, लग्न झालं ते ठीक, पण उत्पन्न, घर आणि विम्याचं काय? लग्नाचा दाखला या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. लग्न झालं म्हणून परवाना आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणून या कामाला शेवटच्या टोकाकडून हात घालावा.

१. आधी परवान्याची यादी वाचा

जिथे राहायचं आहे, तिथल्या इमिग्रेशन कार्यालयाची यादी लग्नाची तारीख ठरवण्याआधी वाचून घ्या. लग्नाचा दाखला कुठल्या स्वरूपात आणि कुठल्या भाषेत लागतो, आणि अर्ज देशात राहून करता येतो की बाहेरूनच करावा लागतो, हे त्यातून कळतं. पर्यटक व्हिसावर लग्न करून तिथेच राहू, हा बेत अनेक देशांत फसतो. ब्रिटनमध्ये लग्नासाठी येणाऱ्यांना वेगळा विवाह-व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्यावर पुढे राहता येत नाही. शिवाय तिथे लग्नाची नोटीस किमान २८ दिवस आधी द्यावी लागते; चौकशी निघाली तर ही मुदत ७० दिवसांपर्यंत वाढते.

दोघांकडे नोकरीचे स्वतंत्र परवाने असतील तर केवळ लग्न झालं म्हणून ते सोडू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. जोडीदाराच्या आधाराने मिळालेला परवाना त्याच्या परवान्याला आणि तुमच्या संसाराला बांधलेला असतो. जर्मनीत विभक्त झाल्यावर स्वतःच्या हक्काने राहायचं तर सहसा लग्नानंतर ३ वर्षं तिथे एकत्र राहिलेलं असावं लागतं. जोडीदार युरोपीय संघाच्या दुसऱ्या सदस्य देशाचा नागरिक असेल तर नियम निराळा: घटस्फोटाची कारवाई सुरू होईपर्यंत लग्नाला किमान ३ वर्षं, आणि त्यातलं किमान १ वर्ष त्या देशात झालेलं असावं लागतं. छळ वगैरे प्रसंगी सवलती आहेत, पण त्या सिद्ध कराव्या लागतात. लग्नाच्या गडबडीत हा विषय काढायला नको वाटतो, तरी काढावा.

२. लग्नाला मोकळे असल्याचा दाखला

सगळ्यात जास्त वेळ हाच कागद खातो. तुमच्या लग्नाला कायदेशीर अडथळा नाही, असं तुमच्या देशाने लिहून द्यायचं असतं. अडचण अशी की काही देश असा दाखला देतच नाहीत. अमेरिकेत विवाहांची देशपातळीवर एकच नोंद नाही. तिथले नागरिक सहसा दूतावासात शपथपत्र करतात. जर्मनीत असा दाखला मिळत नसेल तर त्या अटीतून सूट मागता येते, आणि ती उच्च प्रादेशिक न्यायालयाचे अध्यक्ष देतात.

दाखल्याला मुदत असते. जर्मनीत तो ६ महिने चालतो. म्हणून घाई करून सर्वात आधी हाच मागवू नका. जन्मदाखला, आधीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा पूर्वीच्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला आधी जमवा. जन्मदाखलाही पुष्कळ ठिकाणी नव्याने काढलेलाच लागतो, घरातल्या फायलीतला जुना चालत नाही.

३. अपॉस्टिल

अपॉस्टिल म्हणजे एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्याला जोडलेलं प्रमाणपत्र. ते १९६१ च्या हेग करारातून आलं. १२० हून अधिक देश त्यात आहेत. कागद ज्या देशाने दिला, त्याच देशाचं ठरलेलं कार्यालय त्यावर ते लावतं. ते फक्त सही, शिक्का आणि सही करणाऱ्याचा अधिकार खरा असल्याचं सांगतं. मजकूर खरा आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. करारात नसलेल्या देशासाठी परराष्ट्र खातं आणि मग दूतावास, अशी साखळी करावी लागते. चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये या करारात आला, त्यामुळे आधीच विवाहित असलेल्या मित्राचा सल्ला जुना झालेला असू शकतो. एखाद्या देशाने दुसऱ्याच्या प्रवेशाला हरकत घेतली असेल तर त्या दोघांमध्ये अपॉस्टिल चालत नाही, हेही तपासा.

आणखी एक खाच आहे. दूतावासाने स्वतः दिलेल्या कागदावर अपॉस्टिल लागत नाही. करारानेच असे कागद वगळले आहेत. अशा कागदाचं काय करायचं, हे नोंदणी कार्यालयालाच विचारा. दूतावासात लागलेलं लग्न यजमान देश मानेल का, हाही प्रश्न आधीच सोडवा. सगळे देश ते मानत नाहीत, आणि अमेरिकेचे दूतावास तर लग्न लावतच नाहीत.

४. भाषांतर, आणि नावातलं एक अक्षर

आधी अपॉस्टिल, मग भाषांतर. उलट केलं तर अपॉस्टिलचा मजकूर भाषांतराबाहेर राहतो. भाषांतरकार शक्यतो जिथे कागद द्यायचा त्या देशातला शपथबद्ध असावा. अपॉस्टिल कधी कधी दाखल्याला पिन मारून जोडलेलं असतं. झेरॉक्ससाठी ती पिन काढू नका. भोकं दिसली तरी खिडकीवरचा माणूस कागद परत करू शकतो.

युरोपीय संघातल्या देशांनी एकमेकांत द्यायच्या जन्म-विवाहाच्या दाखल्यांना १६ फेब्रुवारी २०१९ पासून अपॉस्टिल लागत नाही, आणि सोबत बहुभाषिक नमुना जोडला तर भाषांतरही सहसा मागत नाहीत.

आता पासपोर्ट आणि जन्मदाखला शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहा. एकात मोहम्मद, दुसऱ्यात मुहम्मद. एकात मधलं नाव आहे, दुसऱ्यात नाही. कुणाच्या पासपोर्टात आडनावाचा रकानाच रिकामा. ०३/०४ ही तारीख ३ एप्रिल की ४ मार्च, यावरूनही अर्ज अडकतो. भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत द्या आणि नावं तशीच्या तशी लिहायला सांगा.

५. लग्नाचं ठिकाण

राहत्या देशात कागद जमतच नसतील तर काही जोडपी डेन्मार्कला जातात. तिथे कौटुंबिक कायदा कार्यालयाकडून लग्नासाठीचं प्रमाणपत्र आधी घ्यावं लागतं, ते ४ महिने चालतं. पण तिथे लग्न करून परत आलात तरी परवान्याच्या अटी बदलत नाहीत.

६. लग्नानंतर

दाखल्याच्या एकापेक्षा जास्त अधिकृत प्रती तिथेच मागून घ्या; परदेशातून पुन्हा मागवणं जिकिरीचं होतं. मायदेशात लग्न कळवायची मुदत असेल तर ती पाळा. आडनाव बदलायचं असेल तर परवाना हातात येईपर्यंत थांबलेलं बरं, नाहीतर पासपोर्ट एका नावाचा आणि अर्ज दुसऱ्या नावाचा होतो. जुना परवाना संपायच्या आत नवा अर्ज द्या, आणि त्याची शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.