वांग्यातील पर्णगुच्छ: तुडतुड्यांमार्फत होणारा प्रसार कसा रोखावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागातील वांग्याच्या शेतात एखाद्या झाडाची पाने बारीक व पिवळसर होऊन त्यांचा गुच्छ दिसू लागला, पेरी आखडली आणि फुलांना हिरवट पानांचे रूप येऊन फळधारणा थांबली, तर तो पर्णगुच्छ समजावा. बरेच शेतकरी त्याला बोकड्या म्हणतात आणि विषाणूजन्य मानतात. प्रत्यक्षात तो फायटोप्लाझ्मा या पेशीभित्तिका नसलेल्या जिवाणूंमुळे होतो.

हे जिवाणू झाडाच्या अन्नरसवाहिन्यांत राहतात. तुडतुडा रस शोषताना ते त्याच्या पोटात जातात, तेथे वाढून लाळेत उतरायला बरेच दिवस लागतात, परंतु एकदा उतरले की तो तुडतुडा मरेपर्यंत नव्या झाडांना रोग देत राहतो. लागण झालेले झाड बरे होत नाही. प्रतिजैविकाने लक्षणे फार तर काही काळ दबतात, आणि तेवढ्यासाठी असे झाड शेतात ठेवणे मला अत्यंत धोक्याचे वाटते.

त्यामुळे खरी काळजी रोपवाटिकेतच घ्यावी. वाफ्यांवर बारीक नायलॉन जाळी लावावी आणि जवळपास वांग्याचा खोडवा, म्हणजे छाटून पुन्हा फुटवलेले जुने पीक, ठेवू नये. बांधावरचा धोतरा काढून टाकावा, कारण वांगी नसताना रोग त्याच्यावर टिकून राहतो.

लागवडीनंतर सकाळी पाने उलटून पाहावीत. हात लागताच तिरके सरकणारे हिरवट, पाचरीच्या आकाराचे किडे दिसले, तर 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. प्रादुर्भाव वाढल्यास जवळच्या रैत संपर्क केंद्रातून (कर्नाटक कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रातून) वांग्यासाठी शिफारस केलेले कीटकनाशक घ्यावे व डब्यावरील कन्नड मजकूर समजत नसल्यास मात्रा आणि फवारणीनंतर तोडणीपर्यंत थांबायचा कालावधी तेथेच विचारून घ्यावा. रोगट झाड उपटण्याआधी त्यावर फवारणी करावी, अन्यथा हलवताच तुडतुडे शेजारच्या झाडांवर उडतात. उपटलेले झाड बांधावर न टाकता लगेच पुरावे.

झाड हिरवे असतानाच अचानक मान टाकत असेल, तर मात्र तपासणी वेगळी करावी. बुडाजवळच्या खोडाचा तुकडा कापून त्याचे टोक काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावे. काही मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरली, तर ती जिवाणूजन्य मर होय. तिचा प्रसार मुख्यतः माती, पाणी आणि रोगट रोपांतून होतो. तेथे तुडतुड्यांवरची फवारणी उपयोगी पडत नाही. पाण्याचा निचरा सुधारावा आणि त्या जागी पुढील हंगामात वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटा न घेता मका अथवा ज्वारी घ्यावी.