शाळेचा पोषण आहार सुधारायचाय? आधी उष्ट्याची बादली बघा

शाळेतलं जेवण सुधारायचं म्हटलं की आपण लगेच पाककृती शोधायला लागतो. ते नंतर. आधी आठवडाभर मधल्या सुट्टीत मुलं ताटं धुतात त्या नळापाशी उभे राहा आणि उष्ट्याच्या बादलीत काय पडतंय ते बघा. बहुधा दुधीच्या फोडी, टोमॅटोची सालं, कढीपत्ता. भात क्वचितच.

मग हिशेब. पहिली ते पाचवीला मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि 50 ग्रॅम भाजी ठरलेली आहे. सहावी ते आठवीला 150, 30 आणि 75. प्राथमिकची 60 मुलं हजर असली तर भाजी तीन किलो हवी. पातेल्यात चार बटाटेच दिसले तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय काढा. पण स्वयंपाक करणाऱ्या मावशींवर आवाज चढवू नका. बाजार कोण करतं, पैसे कधी हातात पडतात, हे विचारा. गाठ पुष्कळदा तिथंच असते.

आता बदल, तोही आठवड्याला एकच. दुधी, भोपळा किसून घाला. शेवग्याचा पाला बारीक चिरून वरणात टाका. पहिल्यांदा मूठभरच, नाहीतर हिरवं वरण बघून पोरं नाकं मुरडतात. लिंबू पातेलं उतरवल्यावर, वाढताना पिळा. डाळीतलं, पाल्यातलं लोह अंगी लागायला त्यातलं क जीवनसत्त्व मदत करतं, आणि ते उकळत्या वरणात टिकत नाही.

शिकवायचं कसं? भिंतीवरचा जीवनसत्त्वांचा तक्ता वाचून कुणी पालेभाजी खाल्लेली मी तरी पाहिलेली नाही. त्यापेक्षा मटकी मुलांच्या हाती द्या. सकाळी धुऊन भिजत घाला, शाळा सुटताना निथळून ओल्या फडक्यात बांधा. प्रत्येक गटाचं गाठोडं वेगळं, त्यावर नावाची चिठ्ठी. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी मोड दिसतात, थंडीत एखादा दिवस जास्त. ‘आमचे मोड लांब’ यावरून भांडणं होतील, होऊ द्या. उसळ मात्र नीट शिजवूनच वाढा. ओल्या, उबदार फडक्यात मोडांबरोबर जंतूही वाढतात.

जागा असेल तर नळाचं बिनसाबणाचं पाणी वळवून लाल माठ लावा. महिन्याभरात काढायला येतो.

वाढण्याआधी मोठ्या माणसानं चव घेऊन वहीत नोंद करायची असते. नुसती सही नको. पंगतीत बसून पूर्ण ताट जेवा.

एक अडचण फाटकाबाहेर असते: पाच रुपयांचं पाकीट. ते खाऊन आलेल्या मुलाला भूक कुठून लागणार? सहावी-सातवीला गणिताच्या तासाला रिकामं पाकीट आणायला सांगा. मागे 100 ग्रॅमला किती सोडियम ते छापलेलं असतं. त्यावरून पाकिटातलं सोडियम काढून अडीचनं गुणलं की मीठ निघतं. तेवढं मीठ मोजून कागदावर ओतू द्या. त्या वेळी तुम्ही काही बोलू नका.